उकरलेली माती

गेल्या आषाढात चार दिवसांची झड उघडल्यावर मी धाकट्या काकांबरोबर आमच्या वरच्या शेतात गेले होते. बेळगावच्या पश्चिम भागातली ही जमीन, लाल, पावसात लोण्यासारखी मऊ पडणारी. खालच्या खाचरांत भाताची रोपं पाण्यातून माना काढून उभी होती, वरच्या चढावर रताळ्याचे वरंबे. ओल्या मातीचा आणि कुजत्या पाल्याचा वास येत होता. बांध संपतो तिथून वरंब्यांच्या कडेनं फणसाच्या झाडापर्यंत एक पाऊलवाट जाते. चिखलात चप्पल रुतायला लागली तशी मी ती हातात घेतली आणि पुढं झाले. काका मागं. फणसाखाली पाचेक मिनिटं थांबलो. काकांनी खोडावर हात ठेवून वर बघितलं, "औंदा फणस कमीच लागले," म्हणाले, आणि आम्ही परत फिरलो. फिरताना सहज माझी नजर खाली गेली. आलो होतो दोघं आणि चिखलात पावलांची रांग एकच होती. माझीच पावलं, पण प्रत्येक ठसा कडेनं थोडा फाकलेला, टाचेशी जरा जास्त खोल. चाळीस-पन्नास पावलांत काकांनी एकदाही कोऱ्या मातीवर पाय टेकला नव्हता.

मी शाळेत मराठी शिकवते. 'पावलावर पाऊल ठेवणे' याचा वाक्यात उपयोग करा, असं पोरांना दरवर्षी सांगते आणि दरवर्षी शिवरायांपासून वडिलांपर्यंत सगळ्यांच्या पावलांवर पोरं पाऊल ठेवतात. त्या दिवशी घरी आल्यावर काकू दारातच उभी होती. "गेले की हो शेवटी शेतात! किती वर्षांनी!" म्हणत तिनं देवापुढं साखर ठेवली. मी काही बोलले नाही. काका शेतात गेले होते असं मला म्हणवेना. शेतात मी गेले होते.

आमच्या भागात फौज ही काही अपूर्वाईची गोष्ट नाही. कॅम्पात मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र असल्यानं पहाटे रस्त्यानं धावणारी पोरं, काळ्या पत्र्याच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं लिहिलेलं नाव, कॅन्टीनमधून आलेला साबण आणि रमची बाटली, हे सगळं बघतच आम्ही मोठे झालो. काका १९८३ साली भरती झाले. २९ जुलै १९८७ ला भारत-श्रीलंका करार झाला आणि शांतिसेना म्हणून जी फौज श्रीलंकेत उतरली, तिच्यात ते होते. शांतता राखायला गेलेली ही माणसं ऑक्टोबर उजाडेपर्यंत जाफन्याच्या गल्ल्यांतून तमिळ बंडखोरांशी, लिट्टेशी, लढत होती. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली तोवर सुमारे बाराशे जवान तिथं मेले होते. परतणाऱ्यांचं स्वागत करायला तमिळनाडूचे मुख्यमंत्री गेले नाहीत, आणि बाकीच्या देशालाही ही लढाई आपली म्हणावी की नाही ते कळत नव्हतं. काका सुट्टीवर आले तेव्हा मी अगदी लहान होते. मला आठवतं ते एवढंच, की त्यांनी आणलेल्या खोबरेल तेलाच्या डब्याला वेगळाच वास होता आणि ते रात्री ओसरीवर भिंतीला पाठ लावून बसलेले असायचे. २००० साली निवृत्त होऊन आले तेव्हा गावानं त्यांची उघड्या जीपमधून मिरवणूक काढली. गुलाल, झांजपथक, चौकाचौकांत ओवाळणी. जीपमध्ये उभे असलेल्या काकांचे डोळे सारखे छपरांवरून फिरत होते. मला वाटलं, ते माड्यांवरच्या बायकांकडं बघून हसायचा प्रयत्न करतायत.

मग घरात हळूहळू काही गोष्टी ठरत गेल्या. काकांना हात लावून उठवायचं नाही, पायथ्याशी चार हात लांब उभं राहून हाक मारायची. (एकदा थंडीत काकूनं त्यांच्या अंगावर चादर टाकली, तर त्यांनी झोपेतच तिचं मनगट असं पिरगळलं की महिनाभर तिला भाकरी थापता आली नाही. शेजारच्या बायकांना तिनं न्हाणीत पाय घसरला असं सांगितलं.) जेवताना त्यांचं ताट दाराकडं तोंड करून वाढायचं. त्यांच्या मागून कुणी जायचं नाही, गेलंच तर आधी खाकरायचं. वरचं शेत वाट्यानं लावलं गेलं. फौजी माणसाची शेतीची सवय गेली, असं गावात सगळे म्हणाले, आम्हीही म्हणालो. परसातली आळी बुजवून आजीनं शहाबादी फरशी घालून घेतली आणि मोगरा, तुळस, गवती चहा सगळं कुंड्यांत गेलं. कारण एकदा काकू आळं करत असताना काका मागच्या दारात आले होते आणि उकरलेल्या मातीकडं बघत पांढरेफटक पडून उंबऱ्यातच बसले होते.

हे नियम कुणी केले, कधी केले, मला सांगता येणार नाही.

आणखी एक होतं, ते मात्र आम्हाला कुणालाच उमगलं नव्हतं. काका कुणाला वाट सांगायचे नाहीत. आमचं घर स्टँडजवळ. परगावचं माणूस उतरलं की पहिलं आमच्याच ओसरीकडं वळायचं. मंदिर कुठं, तलाठ्याचं घर कुठं, अमक्याच्या लग्नाचा मांडव कुठं. काका ऐकायचे आणि "म्हाईत न्हाई" म्हणून आत निघून जायचे. जन्म गेला त्या गावात, आणि मंदिराची वाट माहीत नाही! लोक म्हणायचे, फौजीला गुर्मी आहे. मला स्वतःला याचा राग यायचा. एकदा एक गरोदर बाई उन्हात उभी राहून दवाखाना विचारत होती आणि काका वळून आत गेले, तेव्हा मी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नव्हते.

आमच्या घराण्यात हे पहिल्यांदा घडत नव्हतं, हे मला नंतर सुचलं. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात 'बसऱ्याला' गेले होते. मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कूतच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या होत्या, उपाशी राहून खेचरं खात होत्या आणि एप्रिल १९१६ मध्ये शरण गेल्या, हे इतिहासात आहे. पणजोबा त्या वेढ्यात होते की मागाहून गेलेल्या कुमकेत, हे घरात कुणी विचारलंच नाही. आजी सांगायची ते एवढंच, की तिचा सासरा परत आला तो मरेपर्यंत गोठ्यातच झोपला. घरात नको म्हणायचा. गुरांच्या रवंथाचा आवाज असला की त्याला डोळा लागायचा. त्याच सुमारास, १९१५ साली, चार्ल्स मायर्स नावाच्या डॉक्टरनं इंग्लंडात 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात आणला होता. तोफगोळ्यांच्या हादऱ्यानं मेंदू हलतो अशी तेव्हाची समजूत. पण तोफेच्या आसपासही न गेलेली माणसं तशीच थरथरायला लागली, तेव्हा डॉक्टरही गोंधळले आणि कितीतरी शिपाई भित्रे ठरले. मग दुसऱ्या युद्धात त्याला थकवा म्हणाले. व्हिएतनामहून परतलेल्या माणसांनी धोशा लावल्यावर अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९८० साली आपल्या अधिकृत यादीत पीटीएसडी असं नाव घातलं. म्हणजे काका भरती झाले तेव्हा या दुखण्याचं नाव तीन वर्षांचं होतं, आणि आमच्या गोठ्यात ते कधीचं राहून गेलं होतं.

मराठीत आता त्याला आघातोत्तर ताण विकार म्हणतात. शब्द बरोबर असेल, पण तो कुणाच्या तोंडी यायचा नाही. आमच्याकडे एक जुना शब्द आहे, धसका. 'त्यानं धसका घेतला.' मला हा शब्द हल्ली फार विचार करायला लावतो. आठवण येते आणि जाते. धसका माणूस घेतो, आणि घेतलेला धसका आत कुठं तरी बसून राहतो, तो वर्षांनी जुना होत नाही. माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिनं काकांना सौंदत्तीच्या यल्लमाच्या डोंगरावर नेलं, लिंबू उतरवले, अंगारा लावला. शहरातली शिकलेली नातेवाईक मंडळी तिला हसली. पण माझं पोर असं नव्हतं, ह्येच्यात दुसरं काय तरी शिरलंय, आणि ह्येला एकट्याला ते काढता येत नाही, इतकं तरी तिला दिसलं होतं. बाकी आम्ही सगळे त्यांना 'मनावर घेऊ नका' म्हणत होतो.

हे फक्त शिपायांचं दुखणं आहे असा माझाही समज होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे जगातल्या सुमारे ७० टक्के माणसांच्या वाट्याला आयुष्यात कधी ना कधी असा जबर प्रसंग येतो, अपघात, अत्याचार, पूर, डोळ्यांदेखत मरण. त्यांतल्या साधारण ५.६ टक्क्यांना पुढं हा विकार जडतो. बहुतेक माणसं सावरतात. ज्यांना जडतो त्यांतलीही काही वर्षभरात बरी होतात. म्हणून जो सावरत नाही त्याच्याकडं बोट दाखवायला लोकांना सोपं जातं, 'आम्ही पण होतो की त्याच पुरात.' २०१९ च्या ऑगस्टमध्ये वडगाव-शहापूर भागात विणकरांच्या घरांत पाणी शिरलं, तेव्हा माझ्या ओळखीची एक बाई रात्रभर मागावर चढून बसली होती, कडेवर नातू घेऊन. पाणी ओसरलं, भिंती पुन्हा रंगवल्या, माग दुरुस्त झाले, खटखट सुरू झाली. पण अजून रात्री पत्र्यावर पावसाचा पहिला सडा पडला की ती उठून बसते. रेशनकार्ड, लाईटबिल आणि नातवाचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिनं आढ्याच्या खिळ्याला टांगलेत. दिवसा तिला पुराबद्दल विचारा, ती सांगणार नाही, विषय साडीच्या काठावर नेईल. सून म्हणते, सासूबाईंना पावसाळ्यात वेड लागतं. मी म्हटलं, वेड नव्हे ते. पण मग काय ते, हे त्या वेळी मलाही सांगता आलं नाही.

काकांचं सगळं उघड्यावर आलं ते नळामुळं. घरोघरी पाणी यायचं म्हणून गल्लीत जेसीबी लागला आणि आमच्या दारासमोरून चर खणला गेला. दोन्ही बाजूंना ताज्या लाल मातीचे ढीग. पाईप टाकून माणसांनी चर बुजवला, वर माती ओढली आणि ते पुढच्या गल्लीत गेले. काका घराबाहेर पडेनात. पहिल्या दिवशी पोट बिघडलंय म्हणाले, दुसऱ्या दिवशी गुडघा. चौथ्या दिवशी दुधाला निघालेल्या काकूला त्यांनी दारात आडवं होऊन अडवलं. अंगात घाम, जीभ कोरडी, आणि तोंडातून एकच, "मत जा, मत जा." अकरा दिवस. बाराव्या दिवशी मी काकूला म्हटलं, आता धारवाडला जाऊ या. काकूनं डोळे मिटून घेतले. आमच्या भागात धारवाड म्हणजे पेढे, धारवाड म्हणजे गाणं, आणि 'याला धारवाडला न्या' म्हणजे काय ते बेळगावच्या कुठल्याही पोराला विचारा.

तिथल्या मानसिक आजारांच्या मोठ्या सरकारी संस्थेच्या आवारात सकाळची गर्दी होती. उसाच्या पट्ट्यातून आलेली म्हातारी जोडपी, कडेला बसून चिरमुरे खाणारं एक कुटुंब, झोळीत झोपलेलं बाळ. मला वाटलं होतं तसं काहीच तिथं नव्हतं, आणि ते बघून काकूचा पदर जरा सैल झाला. डॉक्टरीण तरुण होती, कन्नड बोलणारी. तिला मराठी थोडं कळायचं. काकांना बाजारापुरतं कन्नड येतं. म्हणून दुभाषी म्हणून मी आत बसले. तिनं विचारावं, मी मराठी करावं, काकांनी एका शब्दात उत्तर द्यावं. हो. न्हाई. कवा कवा. अर्धा तास असाच गेला. मग तिनं कन्नड सोडून मोडक्या हिंदीत विचारलं, "अंकल, वहाँ क्या हुआ था?" आणि काका ताठ झाले. खुर्चीतच सावधान झाल्यासारखे. आणि हिंदीतून बोलायला लागले, भराभर, मी आयुष्यात ऐकली नव्हती इतकी वाक्यं. आम्ही सीमेवरची माणसं, घरात एक भाषा, कचेरीत दुसरी. या भाषांसाठी आमच्याकडे मोर्चे निघालेत, माणसं मेलीत. पण काकांवर जे कोसळलं होतं ते पलटणीच्या हिंदीत कोसळलं होतं. मराठीत ते घडलंच नव्हतं, मग मराठीत विचारल्यावर कुठून सापडणार? आम्ही वीस वर्षं चुकीच्या भाषेत विचारत होतो. खरं तर विचारतही नव्हतो.

त्यांनी सांगितलं ते सगळं इथं लिहायचं नाही, ते त्यांचं आहे. जेवढं लिहिलं तर चालेल म्हणाले तेवढं लिहिते. तिथली माती आपल्यासारखीच होती, लाल. ताडाची झाडं सोडली तर पश्चिम भागच वाटावा. रस्त्यात, वाटेत, विहिरीच्या काठाला सुरुंग पुरलेले असायचे. म्हणून पुढच्याच्या पावलात पाऊल ठेवून चालायचं, आणि माती ताजी उकरलेली दिसली की जागच्या जागी थांबायचं. एका दुपारी पाण्याला थांबले असताना काकांचा जोडीदार, चंदगडकडचा पोरगा, उन्हात उभा होता. काका ताडाच्या सावलीत पोचले होते. त्यांनी त्याला हात केला.

"मैंने बोला, इधर से आ."

डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं. बाहेर कुठं तरी कुकरची शिट्टी झाली. काका तिच्याकडं बघत होते, पण त्यांना ती दिसत नसावी. मला ती गरोदर बाई आठवली, उन्हात दवाखाना विचारणारी, आणि त्या आठवड्यात मी काकांच्या ताटाशी न बोलता ठेवलेला पाण्याचा तांब्या आठवला. हे लिहिताना आजही घसा दाटतो.

पुढच्या फेऱ्यांत डॉक्टरणीनं आम्हाला जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. धोका ओळखून हाकारे देणारा मेंदूचा एक बदामाएवढा भाग असतो, अमिग्डला. आणि घडलेल्या गोष्टीला जागा आणि वेळ जोडून ती मागं ठेवून देणारा दुसरा, हिप्पोकॅम्पस. अति भयाच्या क्षणी पहिला इतका ओरडतो की दुसऱ्याचं काम अर्धवट राहतं. गोष्टीवर तारीख पडत नाही. त्यामुळं ती आठवण म्हणून येतच नाही, आत्ता घडत असल्यासारखी येते, घामासकट, वासासकट. लाल माती दिसली की काकांच्या अंगाला १९८७ लागतं. मग माणूस लाल माती टाळतो. टाळल्यावर बरं वाटतं, म्हणून आणखी टाळतो. आणि तो काळ आता संपलाय, ही फक्त रताळ्याची जमीन आहे, हे शिकायची संधीच अंगाला मिळत नाही. उपाय म्हणून रोजची एक गोळी होती, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तोच प्रसंग सुरक्षित जागी, पुन्हा पुन्हा, पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगणं, आणि टाळलेल्या जागांकडं पायरी-पायरीनं जाणं. आधी कुंडीतली माती हातात घ्यायची. मग परसातली एक फरशी काढायची. मग बांध. मग शेत.

आणि ती काकूला म्हणाली, तुम्ही घरातली माणसं यांच्यासाठी काय काय करता ते पुढच्या वेळी लिहून आणा. काकूनं माझ्याकडून शंभर पानी वही मागून घेतली. चार दिवस ती लिहीत होती, सातवी शिकलेल्या बाईच्या मोठ्या गोल अक्षरात. दारं न आपटणं. भाजीवाल्याला दारात ओरडू न देणं. बातम्या लागल्या की चॅनेल बदलणं. पाहुण्यांना आधी फोन करायला लावणं. नातवंडांना फुगे न आणणं. स्वतःचं मनगट. पाच पानं भरली. डॉक्टरणीनं ती शांतपणे वाचली आणि म्हणाली, यातली सगळ्यांत सोपी गोष्ट कुठली? ती आता बंद करायची. काकूला हे समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ती रडली नाही, चिडली. "मग मी इतकी वर्षं केलं ते चुकलं काय?" डॉक्टरीण म्हणाली, तुम्ही सांभाळलंत म्हणून ते इथवर आले. उत्तर खरं असेल. पण परतीच्या बसमध्ये कित्तूर मागं पडेपर्यंत काकू खिडकीतून बाहेर बघत होती आणि मला तिच्याशी काय बोलावं कळत नव्हतं. आपण प्रेमानं जे कुंपण घातलं, त्याच्या आत तो माणूस कोंडला गेला, हे ऐकून घेणं सोपं नाही. मी तर म्हणेन, तिच्यावर अन्यायच होता थोडा. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत असा त्रास असणाऱ्या चार माणसांतलं जेमतेम एक उपचारापर्यंत पोचतं. उरलेल्या तिघांना कोण सांभाळत असतं? अशी एखादी काकूच. तिच्या वहीतली पानं कुठल्या आकड्यात येत नाहीत.

आता १४४१६ वर फोन केला तर सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर फुकट बोलता येतं, वेगवेगळ्या भाषांत. विणकरवाड्यातल्या त्या बाईच्या सुनेला मी तो नंबर कॅलेंडरच्या मागं लिहून दिला. अजून लावलेला नाही. पण परवा सुनेनं आपणहून विचारलं, "कन्नडात बोलायला लागतं काय?"

तर आषाढातली ती फेरी ही शेवटची पायरी होती. आठ महिने कुंडी, फरशी, गल्लीतला बुजवलेला चर, बांध असं करत काका तिथवर आले होते. मध्ये दोनदा गोळ्या सोडल्या, एकदा आठ दिवस नुसती रम पीत बसले, एकदा धारवाडच्या वाटेवर उतरून माघारी आले. आणि त्या दिवशी, ऐन वेळी, मी पुढं झाले. डॉक्टरणीनं स्पष्ट सांगितलं होतं, त्यांना त्यांचं चालू द्या, बरोबर राहा, पुढं नको. मला ते पाठ होतं. पण वरंब्यांपाशी त्यांचं पाऊल अडखळलेलं मला मागं न बघताही जाणवलं, आणि माझे पाय आपोआप पुढं गेले. चप्पल रुतत होती हे निमित्त. मी त्यांना चालायला वाट करून दिली. लहानपणापासून घरात हेच तर शिकले होते.

दिवाळी झाल्यावर रताळी निघाली. वाटेकऱ्यानं निरोप पाठवला, पोती भरून झालीत, तुमचा वाटा घेऊन जावा. मी काही बोलायच्या आत काका टोपी घालून उभे. कार्तिकातलं ऊन होतं, स्वच्छ, हिवाळी. शेताच्या कडेला वाळत टाकलेल्या वेलांचा गोडसर वास येत होता. बांधावर पोचलो आणि माझ्या लक्षात आलं की मी हे आधी का नाही समजून घेतलं. रताळी काढलेलं शेत म्हणजे सगळं उकरलेलं शेत. या बांधापासून त्या फणसापर्यंत लाल, ताजी, उलथीपालथी माती, एक वीत जागा साबूत नाही. वाट बुजून गेली होती. कुणाचं पाऊल घ्यायला उरलं नव्हतं. वाटेकरी फणसाखाली पोती शिवत बसला होता, त्यानं लांबून हात केला.

काका थांबले. त्यांच्या मानेवरची शीर उडताना मला दिसत होती. मी दोन्ही हात मागं बांधून घेतले आणि पायांची बोटं बांधाच्या गवतात रोवून ठेवली. किती वेळ गेला सांगता येणार नाही. एक टिटवी ओरडत डोक्यावरून गेली, वाटेकऱ्याचं एक पोतं शिवून झालं, त्यानं दुसरं ओढलं. एकदा काका मागं वळले, मला वाटलं, झालं, चला घरी. ते खाली वाकले आणि चपला काढून त्यांनी बांधावर जोडीनं ठेवल्या, लहानपणी आजोबा खळ्यात उतरताना काढायला लावायचे तशा. मग उजवा पाय खाली टाकला. माती घोट्यापर्यंत वर आली. डावा. थांबले. परत उजवा. ते सरळ जात नव्हते, कशाला तरी वळसा घालत होते, मला न दिसणाऱ्या कशाला तरी. मध्यावर पोचल्यावर ते बसले. हातानं माती चाचपली आणि काढणीतून सुटलेलं एक रताळं उपसलं, अंगठ्याएवढं, शेपटीसकट. पँटीला पुसलं, मोडलं. पांढरा चीक त्यांच्या बोटांना लागला.

"काय बघायलीस तिथनं?" ते म्हणाले. माझ्याकडं पाठच होती.

मी म्हटलं, "येऊ?"

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. हातातल्या रताळ्याची माती खरवडत राहिले. मग उभे राहिले, आपण आलो तिकडं वळून बघितलं, आणि हात वर केला. अर्ध्यातच तो हात खाली आला. पुन्हा वर गेला.

"हिकडनं ये," काका म्हणाले.

मी चपला काढल्या.